रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांसाठी दिवसाची झोप: मोबाइलवरील अ‍ॅप्स कशी निवडावीत आणि कशी वापरावीत

नव्याने नोकरीला लागलेल्या परिचारिकांना आणि ब्रदर्सना (पुरुष परिचारकांना) पहिल्या नाईटच्या आधी सगळे सांगितले जाते. ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती) कसा घ्यायचा, नार्कोटिक्सचे कपाट कोणासमोर उघडायचे, डॉक्टरांना किती वाजता उठवायचे हे ठाऊक असते. ड्युटी संपल्यावर सकाळी साडेनऊला, ऊन वर आलेले आणि शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना झोपायचे कसे, हे मात्र बहुतेकांना स्वतःच शिकावे लागते. मग मोबाइलवर 'झोप' असे शोधले जाते आणि समोर शेकडो अ‍ॅप्स येतात. त्यांतली बहुतेक रात्री अकराला झोपणाऱ्या माणसासाठी तयार केलेली आहेत. 'आता दिवे मंद करा' ही त्यांची सूचना येते तेव्हा आपण डबा भरून स्टेशनकडे निघालेलो असतो.

म्हणून या लेखातला क्रम थोडा वेगळा आहे. फोनमध्ये आधीपासून असलेली कॅलेंडर, गजर आणि शांतता राखण्याची सोय ही तीन साधने सर्वांत जास्त उपयोगी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे; ती नीट लावून झाल्यावरच झोपेच्या खास अ‍ॅप्सकडे वळावे. हा लेख मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांत सर्रास चालणारी रात्री आठ ते सकाळी आठ ही नाईट धरून लिहिला आहे. तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर आकडे पुढे-मागे करून घ्यावेत.

हाताशी काय हवे

- पुढच्या आठवड्याची किंवा महिन्याची ड्युटी लिस्ट
- अँड्रॉइड किंवा आयफोन. महागडा फोन अथवा मनगटावरचे घड्याळ आवश्यक नाही
- कॅलेंडरसाठी गुगल खाते
- एक वही, कारण अ‍ॅप बंद पडले तरी नोंद राहिली पाहिजे
- गडद पडदा किंवा डोळ्यांवरची पट्टी, आणि मेडिकल दुकानात मिळणारे फोमचे कानातले बोळे
- घरातील माणसांचे सहकार्य, जे कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही

१. आधी शरीराचे गणित समजून घ्या

झोप दोन गोष्टींवर ठरते. जितका वेळ आपण जागे राहतो तितका मेंदूत अडिनोसिन हे रसायन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील शरीराचे घड्याळ, जे डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावरून स्वतःला रोज जुळवून घेते. या घड्याळाच्या रेणवीय यंत्रणेवरील संशोधनासाठी २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना मिळाले होते. नाईट करून आलेल्या माणसाला झोपेची ओढ भरपूर असते, पण घड्याळ 'दिवस उजाडला' असे सांगत असते. त्यामुळे झोप पटकन लागते आणि तीन-चार तासांनी, दुपारी एकच्या सुमारास, विनाकारण जाग येते. हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. कोणतेही अ‍ॅप हे घड्याळ एका रात्रीत फिरवू शकत नाही. झोपेचे तास राखणे, प्रकाश आणि चहाच्या वेळा पाळणे आणि नोंद ठेवणे या कामांत मात्र त्याची मदत होते.

२. ड्युटी लिस्ट कॅलेंडरवर चढवा, आणि झोपही चढवा

लिस्ट लागली की त्याच दिवशी ती गुगल कॅलेंडरमध्ये भरावी. या कामासाठी 'न्यू कॅलेंडर' हा पर्याय वापरून वेगळे कॅलेंडर तयार करावे लागते आणि ती सोय मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दिसली नाही तर संगणकावरील ब्राउझरमध्ये सापडते, हे आधीच लक्षात ठेवा. दोन कॅलेंडरे करा: एकाचे नाव 'ड्युटी', दुसऱ्याचे 'झोप'. दुसरे वेगळे का हवे, ते पुढच्या पायरीत कळेल.

नाईट भरताना नेहमी होणारा घोटाळा तारखेचा असतो. लिस्टवर १४ तारखेसमोर 'एन' लिहिलेले असते, तेव्हा ड्युटी १४ च्या रात्री आठला सुरू होऊन १५ च्या सकाळी आठला संपते. कॅलेंडरमध्ये सुरुवात १४ आणि शेवट १५ असाच एक सलग कार्यक्रम टाकावा. दोन तुकडे केले की नाईट नेमकी कोणत्या रात्रीची, यावरून घरच्यांचा आणि कधी कधी आपलाही गोंधळ होतो. त्याखाली 'झोप' या कॅलेंडरमध्ये १५ तारखेला सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन असा कार्यक्रम टाका. पहिल्या नाईटच्या दुपारी दीड ते दोन तासांची आडवी होण्याची वेळही तिथेच लिहा. ती झोप लागली नाही तरी चालेल, पण त्या वेळेत बँकेचे काम किंवा मुलांच्या शाळेची मीटिंग येऊ देऊ नये.

ड्युटी आठवड्याला बदलत असेल तर 'दर आठवड्याला पुन्हा' हा पर्याय वापरू नका. एकदा नाईट अदलाबदल झाली की पुढच्या सगळ्या नोंदी चुकतात आणि त्या निस्तरण्यात अर्धा तास जातो.

'झोप' हे कॅलेंडर नवऱ्याला, बहिणीला, घरात जो फोन पाहतो त्याला वाचण्यापुरते शेअर करा. सासूबाई किंवा आई कॅलेंडर उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकावा, अथवा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावा. माझ्या अनुभवात फ्रिजवरचा कागद अधिक पाळला जातो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. काही शिफ्ट-अ‍ॅप्स लिस्टचा फोटो घेऊन ड्युट्या आपोआप भरून देतात. त्या फोटोत संपूर्ण वॉर्डाच्या स्टाफची नावे असतात, त्यामुळे तो परक्या अ‍ॅपवर चढवू नये. आपल्या ड्युट्या हाताने भरायला दहा मिनिटे लागतात.

३. फोन शांत करा, पण बंद करू नका

फोन बंद करून झोपणारी परिचारिका दुपारी एकला जाग आली की तो आधी चालू करते, आणि मग वॉर्डाच्या ग्रुपवरचे संदेश वाचता वाचता उरलेली झोप जाते. त्याऐवजी 'डू नॉट डिस्टर्ब' नीट लावावे.

अँड्रॉइडमध्ये बेडटाइम मोड वारानुसार ठरावीक वेळी आपोआप सुरू करता येतो. आपल्यासाठी तो धोक्याचा आहे, कारण मॉर्निंगच्या आठवड्यात तोच मोड सकाळी साडेनऊला फोन गप्प करतो आणि मुलाच्या शाळेचा फोन कळत नाही. त्यापेक्षा 'डू नॉट डिस्टर्ब'च्या वेळापत्रकात 'इव्हेंट' हा प्रकार शोधा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो. त्यात एखादे कॅलेंडर निवडले की त्या कॅलेंडरमधील कार्यक्रम चालू असेपर्यंतच फोन शांत राहतो. वर 'झोप' हे कॅलेंडर वेगळे करायला सांगितले ते याचसाठी. ड्युटी बदलली आणि झोपेची नोंद हलवली, की शांततेची वेळही बरोबर हलते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा पर्याय दिलेला नसतो. तेव्हा वरून खाली ओढायच्या पट्टीवरील बटणाला 'दर वेळी विचारा' असे लावून ठेवावे आणि झोपताना तास निवडावेत. आयफोनवर 'स्लीप' हा फोकस कंट्रोल सेंटरमधून हाताने चालू करावा. त्याचे रोजचे वेळापत्रक बंदच असू द्यावे.

कोणाचे फोन वाजावेत, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे. घरचे दोघे, मुलांची शाळा किंवा पाळणाघर, आणि आई-वडील एकटे राहत असतील तर त्यांचे शेजारी, एवढे क्रमांक तारांकित करा. वॉर्डाचा क्रमांक त्यात असावा का, याबद्दल मतभेद आहेत. ऑन-कॉल असाल तर नियमाप्रमाणे तो असलाच पाहिजे; नसाल तर इन्चार्ज सिस्टरांना 'मी साडेतीननंतर फोनवर असेन' असे आधी सांगून तो वगळावा. सकाळच्या स्टाफला न सापडणारी किल्ली किंवा एखादा रिपोर्ट हीच बहुतेक फोनांची कारणे असतात, आणि ओव्हर सविस्तर लिहून दिला तर तेही फोन कमी होतात.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलला वाट देण्याची सोय दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये आहे. त्याच क्रमांकावरून आयफोनवर ३ मिनिटांत आणि अँड्रॉइडवर १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. घरच्यांना 'तातडीचे असेल तर लागोपाठ दोनदा करा' असे सांगता येते. अडचण अशी की पार्सल आणणारा मुलगाही लागोपाठ दोनदाच फोन करतो. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू नाईटच्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर मागवाव्यात, किंवा ही सोय बंद ठेवून तारांकित क्रमांकांवरच विसंबावे.

व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप वेगळे म्यूट करावेत. तिथे ८ तास, १ आठवडा आणि कायम असे पर्याय असतात. पहिला आपल्या झोपेला पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारा कॉल काही फोनमध्ये साध्या कॉलसारखा हाताळला जात नाही, म्हणून सगळे लावून झाल्यावर घरातल्या कोणाला तरी दोन्ही प्रकारे कॉल करायला सांगून एकदा तपासून पाहावे.

आयफोनमध्ये पडदा पिवळसर करणाऱ्या सोयीचे नाव 'नाइट शिफ्ट' आहे, यावरून ती आपल्यासाठीच असावी असा समज होतो. तिची ठरीव वेळ सूर्यास्त ते सूर्योदय असते, म्हणजे नेमकी आपण ड्युटीवर असताना. वेळ बदलता येते, परंतु केवळ रंग पिवळसर केल्याने झोप लवकर लागते याला भक्कम पुरावा नाही. अंथरुणावर रील्स पाहत राहणे पिवळ्या पडद्यावरही तितकेच जागे ठेवते.

४. गजर फोनच्या मूळ घड्याळातच लावा

झोपेच्या अ‍ॅपमधील 'स्मार्ट' गजरावर ड्युटीसाठी विसंबू नये. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली अ‍ॅप्स स्वतःहून बंद करतात. ऑटोस्टार्टची परवानगी दिली नसेल किंवा बॅटरीचे बंधन काढले नसेल तर असा गजर वाजतच नाही. हलक्या झोपेत, ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत उठवण्याची त्या अ‍ॅप्सची पद्धत आपल्याला परवडणारीही नाही, कारण दिवसाची झोप मुळातच तोकडी असते.

फोनचे घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर ठेवा. चार्टवर आपण १६:०० लिहितोच; गजरात चार वाजताची वेळ लावताना एएम-पीएमची गल्लत होणे ही रात्रपाळीतली अगदी सामान्य गोष्ट आहे. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये गजराला परवानगी आहे का, हे पाहा. काही फोनमध्ये 'संपूर्ण शांतता' असा पर्याय असतो आणि त्यात गजरही गप्प होतो. पहिल्या खेपेला ही सगळी मांडणी सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटांपुढचा गजर लावून तपासावी.

५. बाहेरच्या आवाजावर आवाजाचाच पडदा

सकाळी दहा ते बारा ही आपल्या वस्त्यांतली सर्वांत गोंगाटाची वेळ असते. भाजीवाल्याच्या गाडीवरचा स्पीकर, भंगारवाल्याची टेप लावलेली आरोळी, वरच्या मजल्यावर फरशी कापण्याचे यंत्र, दाराची बेल. एकसारखा आवाज चालू असेल तर हे मधूनच उसळणारे आवाज कमी टोचतात. पावसाचा, पंख्याचा किंवा नुसता खरखरणारा सपाट आवाज वाजवणारी अनेक अ‍ॅप्स विनामूल्य आहेत. ती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: आवाज फोनमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय चालतो का, मध्ये खंड न पडता फिरत राहतो का, आणि जाहिरात वाजते का.

यूट्यूबवर पावसाचा आठ तासांचा व्हिडिओ लावून झोपणारे पुष्कळ आहेत. सदस्यत्व नसेल तर मध्येच जाहिरात सुरू होते आणि तिचा आवाज पावसापेक्षा बराच मोठा असतो. नुकता लागलेला डोळा त्याने उघडला की पुन्हा लागायला वेळ जातो.

फोन उशीखाली नको. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या बाजूला ठेवला तर बाहेरचा आवाज आणि आपला आवाज एकाच दिशेने येतात. इअरफोन कानात घालून झोपल्यास कान दुखतो आणि आवाज नकळत मोठा ठेवला जातो. छताचा पंखा जुना आणि पुरेसा घरघरणारा असेल तर या पायरीची गरजच नाही.

मन शांत होत नसेल, विशेषतः वॉर्डात रात्री एखादा रुग्ण दगावला असेल तेव्हा, योगनिद्रेचे ध्वनिमुद्रण उपयोगी पडते. 'इनसाइट टायमर'सारख्या अ‍ॅपवर अशी मुद्रणे विनामूल्य ऐकता येतात. वीस-तीस मिनिटांचे एकच मुद्रण निवडून रोज तेच लावावे. नवीन काय आहे ते शोधत बसले की हेतू बाजूला राहतो.

६. झोपेची नोंद: किती विश्वास ठेवावा

निदान दोन आठवडे नोंद ठेवल्याशिवाय आपले नेमके काय बिघडते आहे ते कळत नाही. रोज पाच गोष्टी पुरतात: कोणती ड्युटी होती, अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो, आणि शेवटचा चहा कधी झाला. दुपारची डुलकी वेगळ्या ओळीत लिहावी आणि चोवीस तासांची एकूण बेरीज करावी. प्रौढ माणसाला चोवीस तासांत सात किंवा अधिक तास झोप हवी. ती एकसलग पाच आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी दोन अशी तुकड्यांत आली तरी नाईटच्या आठवड्यापुरती ती समाधानकारक मानावी.

नोंद अ‍ॅपमध्ये ठेवायची असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने तयार केलेले 'सीबीटी-आय कोच' हे अ‍ॅप विनामूल्य आहे. ते इंग्रजीत आहे आणि त्यातली झोपेची डायरी चांगली आहे. मात्र निद्रानाशावरच्या उपचारांत अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची एक पद्धत असते. ती रात्रपाळी करणाऱ्याने तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय अजिबात वापरू नये. आधीच अपुरी असलेली झोप आणखी तोडून सिरिंज पंपावर डोस लावायला जाणे रुग्णासाठी धोक्याचे आहे.

झोप आपोआप मोजणारी अ‍ॅप्स आणि मनगटी पट्टे मुख्यतः हालचालीवरून, काही नाडीवरूनही, अंदाज बांधतात. निश्चल पडून जागे असलेल्या माणसाला ती सहज झोपलेले समजतात. गादीवर ठेवलेला फोन तर शेजारी झोपलेल्या लहान मुलाची हालचालही तुमच्या नावावर लिहितो. किती वाजता झोपलात आणि उठलात हे त्यांतून बऱ्यापैकी कळते. 'गाढ झोप ४२ मिनिटे' यासारखे आकडे मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या झोपेच्या तपासणीच्या तोडीचे नसतात. काही अ‍ॅप्स दिवसाच्या झोपेला डुलकी समजून तिचे विश्लेषणच करत नाहीत. फिटबिट या मनगटी पट्ट्यात तीन तासांपेक्षा कमी झोपेचे टप्पे दाखवले जात नाहीत. 'काल तुम्ही झोपलाच नाहीत' असा लाल इशारा पाहून घाबरण्याचे कारण नाही. उलट, असे आकडे सुधारण्याच्या काळजीनेच झोप उडाल्याची उदाहरणे इतकी आढळली, की २०१७ मध्ये संशोधकांनी त्याला ऑर्थोसोम्निया असे नाव दिले. तुमच्या बाबतीत असे होत असेल तर ते अ‍ॅप काढून टाका आणि वहीवर या.

७. चहा आणि रात्रीची डुलकी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. शरीरातील निम्मे कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना याहून बरेच जास्त. सकाळी साडेनऊला झोपायचे असेल तर शेवटचा चहा पहाटे तीन-साडेतीनच्या आत घ्यायला हवा.

अडचण अशी की चहाची खरी गरज त्यानंतरच भासते, कारण पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान सर्वांत खाली असते. म्हणून पहिला कप रात्री दहाला सवयीने न पिता बाराच्या पुढे ढकलावा, दुसरा तीनला घ्यावा, आणि फोनवर ०३:१५ ला 'चहा बंद' असा मूक स्मरणगजर लावावा. कॅफिन मोजणारी खास अ‍ॅप्स आहेत, पण मावशींनी आणलेल्या कटिंगचे मिलिग्रॅम कोणी मोजत बसू नये.

रुग्णालयाच्या नियमांत विश्रांतीची मुभा असेल आणि सोबतच्या सिस्टरने वॉर्ड पाहण्याचे कबूल केले असेल, तर वीस मिनिटांची डुलकी पुष्कळ काम करते. गजर थरथरण्यावर लावून फोन खिशात ठेवावा. उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटे डोके जड राहते, म्हणून डुलकी सहाच्या औषधांच्या राऊंडच्या तोंडावर घेऊ नये.

८. घरी परतताना

तुम्ही दुपारी तीनला उठून नाईटला गेलात तर सकाळी आठला सतरा तास जागे असता. सलग सतरा तास जागे राहिल्यावर होणारी कामगिरीतील घसरण, रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम मद्य असताना होणाऱ्या घसरणीइतकी असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. या एका कारणासाठी नाईटच्या आठवड्यात स्कूटी घरी ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लोकलने किंवा बसने येणाऱ्यांनी बसल्याबरोबर उतरण्याच्या पाच मिनिटे आधीचा टायमर थरथरण्यावर लावावा आणि फोन हातात धरावा. डोंबिवलीला उतरायचे असताना आसनगावला जाग आली की परतीच्या गाडीत झोपेचा दीड तास जातो. प्रवासात गडद चष्मा लावल्यास सकाळच्या प्रकाशाचा मेंदूवरचा परिणाम कमी होतो, पण स्वतः गाडी चालवताना याच हेतूने चष्मा लावू नये. त्याने झापड वाढते. घरी आल्यावर हलके खाणे, अंघोळ आणि अंथरूण, एवढाच क्रम असावा. 'तेवढी भाजी निवडून ठेवते' म्हणून बसलात तर अकरा वाजलेच.

९. ऑफच्या दिवसांत

शेवटच्या नाईटनंतर सकाळी तीन-साडेतीन तासच झोपून दुपारी एकच्या सुमारास उठावे आणि रात्री लवकर झोपावे, म्हणजे घड्याळ पुन्हा दिवसावर येते. दोन नाईटमध्ये एकच ऑफ असेल तर पूर्ण दिवसाचे वेळापत्रक धरू नये. त्या रात्री एक-दीडपर्यंत जागून सकाळी नऊपर्यंत झोपावे, म्हणजे शरीराला निदान थोडा भाग ओळखीचा राहतो. घरात सून म्हणून राहणाऱ्या मुलीला नऊपर्यंत झोपणे किती जड जाते, हे मी जाणून आहे. 'झोप' कॅलेंडरमध्ये ही नोंद ड्युटीइतक्याच ठळकपणे टाकली आणि ती ड्युटीचाच भाग आहे असे सांगितले, तर पुष्कळ घरे ऐकतात.

शिफ्ट भरून दिल्यावर प्रकाश कधी घ्यावा, अंधार कधी करावा, कॉफी कधी थांबवावी हे सुचवणारी खास अ‍ॅप्सही मिळतात. ती बहुधा इंग्रजीत आणि सशुल्क असतात. वरच्या आठ पायऱ्या महिनाभर पाळूनही अडत असेल तेव्हाच त्यांचा विचार करावा.

१०. पैसे आणि परवानग्या

'७ दिवस मोफत' या बटणामागे वर्षभराची वर्गणी असते आणि ती यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरून आपोआप कापली जाते. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या चित्रावर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते. मोफत मुदत घेतली त्याच दिवशी रद्द केली तरी बहुधा मुदत संपेपर्यंत अ‍ॅप चालू राहते.

पावसाचा आवाज वाजवणाऱ्या अ‍ॅपला संपर्क यादी किंवा ठिकाण लागत नाही. घोरणे नोंदवणाऱ्या अ‍ॅपला मायक्रोफोन लागतो, परंतु ते वॉर्डात किंवा चेंजिंग रूममध्ये कधीही चालू नसावे, कारण त्यात रुग्णांचे आणि सहकाऱ्यांचे बोलणे मुद्रित होऊ शकते.

११. डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि काय न्यावे

तीन महिने किंवा अधिक काळ दिवसा झोप लागत नसेल किंवा ड्युटीवर झापड आवरत नसेल, जोडीदार मोठे घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे सांगत असेल, किंवा औषध देताना चूक होता होता राहिली असेल, तर अ‍ॅप बदलत बसू नये. एपवर्थ झापड मोजपट्टी ही आठ प्रश्नांची असून २४ पैकी १० च्या वर गुण आल्यास दिवसाची झापड जास्त मानली जाते. ती भरून न्यावी. सोबत हे असू द्यावे:

- दोन आठवड्यांची झोपेची नोंद, छापून किंवा वहीतच
- मागील तीन महिन्यांची ड्युटी लिस्ट, इतरांची नावे झाकून
- चालू औषधांची यादी, त्यात दुकानातून परस्पर घेतलेली औषधेही
- हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखरेचे अलीकडचे रिपोर्ट, असल्यास
- घोरण्याचे ध्वनिमुद्रण, असल्यास

आपल्या हाताशी औषधे असतात, म्हणून एक गोष्ट परखडपणे सांगणे भाग आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या शेड्यूल एच-१ (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची यादी) मधील आहेत आणि त्यांची सवय लागते. वॉर्डातून किंवा ओळखीच्या केमिस्टकडून घेतलेली अर्धी गोळीही त्याच वाटेने नेते. मेलाटोनिन (झोपेच्या वेळेशी संबंधित संप्रेरक) तुलनेने सौम्य असले तरी ते कोणत्या वेळी घेतले यावर त्याचा परिणाम ठरतो, त्यामुळे तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मन सतत खिन्न असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. पहाटे चारला ड्युटीवरून मोकळा वेळ मिळाला तरीही.

निदान झाल्यास प्रमाणपत्रावर 'काही काळ रात्रपाळी टाळावी' असे स्पष्ट आणि मुदतीसह लिहून घ्यावे. नुसते 'विश्रांती आवश्यक' असे लिहिलेले असेल तर त्यावर रजा मिळते, पण ड्युटी बदलून मिळत नाही. अर्ज इन्चार्ज सिस्टरांमार्फत मेट्रनकडे (मुख्य परिचारिकेकडे) द्यावा, पुढची लिस्ट लागण्याच्या आधी द्यावा, आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.